स्क्लेरोडर्माच्या फुफ्फुसांसाठी नवं इंजेक्शन : आईंनी ट्रायलमध्ये जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ५१. चार वर्षांपूर्वी थंडीत हाताची बोटं पांढरी-निळी पडायला लागली, मग कातडी ताठरली आणि स्क्लेरोडर्माचं (प्रतिकारशक्ती बिघडून कातडी आणि आतले अवयव ताठरवणाऱ्या आजाराचं) निदान झालं. आता एक जिना चढला तरी धाप लागते, कोरडा खोकला पाठ सोडत नाही. एचआरसीटीत (फुफ्फुसांच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये) दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी आजार दिसतो. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नियमित चालू असूनही वर्षभरात एफव्हीसी (फुंकून मोजलेली फुफ्फुसाची क्षमता, अपेक्षित आकड्याच्या टक्क्यांत) ७८ टक्क्यांवरून ६९ वर आली. डॉक्टरांनी एका नव्या इंजेक्शनच्या ट्रायलबद्दल विचारलं आहे. ते प्रतिकारशक्तीतल्या एका ठरावीक रेणूला अडवतं. निम्म्या रुग्णांना खरं औषध मिळणार, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. मुलगा विचारतो, आईवर असा प्रयोग होऊ द्यावा का?

माझं मत आधीच सांगतो. ट्रायलमध्ये मायकोफेनोलेट चालू राहणार असेल आणि मध्येच तब्येत घसरली तर काय द्यायचं हे आराखड्यात स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मी माझ्या घरच्या माणसालाही जा म्हणेन. चालू औषध बंद करून वर्षभर नुसत्या प्लासिबोवर राहण्याची शक्यता असेल, तर आईंच्या आजाराचा आत्ताचा वेग पाहता नाही म्हणेन. रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांचा. पण त्यांच्याशी बोलताना नेमकं काय विचारायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ही घसरण खरी आहे का ते पाहा. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने फुंकल्यावर बाहेर पडणारी एकूण हवा. स्क्लेरोडर्मात तोंड पुरेसं उघडत नाही, ओठ ताठरलेले असतात, नळीभोवती ते घट्ट बसत नाहीत आणि कडेने हवा निसटते. मग आकडा कमी येतो आणि दोष फुफ्फुसाला लागतो. म्हणून दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबमधले आहेत का, उंची तीच धरली आहे का, आलेख नीट आहेत का हे डॉक्टरांना बघायला सांगा. टक्क्यांबरोबर लिटरमधला आकडाही ताडून पाहा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. बोटं गार आणि रक्तपुरवठा कमी असला की तो वाटेल ते दाखवतो. अशा रुग्णांचा ऑक्सिजन आम्ही कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर मोजतो. डीएलसीओ नावाची वायू-वहनाची तपासणी एफव्हीसीच्या मानाने फारच खाली गेली असेल, तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला नाही ना हे इकोवर पाहावं लागतं. त्या दाबाचा उपचार पूर्ण वेगळा आहे, या ट्रायलने तो सुटणार नाही. रात्री छातीत आंबट पाणी येतं का, हेही विचारा. अन्ननलिका सैल पडल्याने पोटातलं पाणी श्वासनलिकेत झिरपत असेल तर खोकला त्यानेही वाढतो.

हे सगळं तपासूनही घसरण खरी ठरली, तर नऊ टक्के बिंदू ही किरकोळ गोष्ट नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षभरात पाच टक्के बिंदूंची घसरण, वाढलेली लक्षणं आणि सीटीवर वाढलेला फायब्रोसिस (फुफ्फुसातला व्रण) या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या की आजार पुढे सरकतो आहे असं धरतात. नुसतं थांबून वाट बघण्याची ही वेळ नाही.

आता प्रतिकारशक्तीला लक्ष्य करण्याचा अर्थ. या आजारात दोन गोष्टी एकापाठोपाठ आणि एकमेकींत गुंतून चालतात. आधी प्रतिकारशक्तीच्या पेशी फुफ्फुसाच्या पातळ पडद्यांमध्ये गोळा होऊन सूज आणतात. त्यांनी सोडलेल्या संदेशांमुळे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी चेकाळतात आणि कोलॅजनचे धागे विणत सुटतात, हाच फायब्रोसिस. सूज औषधाने उतरू शकते. तयार झालेला फायब्रोसिस मात्र आजच्या कुठल्याही औषधाने पुसला जात नाही. पोळी करपायला लागली की गॅस बंद करून पुढचं करपणं थांबतं, करपलेला भाग पुन्हा पांढरा होत नाही. म्हणून अशा ट्रायलमध्ये यश म्हणजे बहुतेक वेळा ‘घसरण थांबली’ एवढंच असतं. आई पूर्वीसारख्या धावपळ करू लागतील या आशेने कुणी सही करत असेल, तर त्यांना आधी जवळ बसवून हे समजावा.

याच कारणाने सीटीवर काय दिसतं हे महत्त्वाचं. काचेवर वाफ धरल्यासारखी धूसर छाया जास्त असेल तर सूज जिवंत असण्याची शक्यता जास्त. मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं भरलेली असतील तर प्रतिकारशक्तीवरच्या औषधाला करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, तिथे निन्टेडॅनिबसारखं फायब्रोसिसचा वेग कमी करणारं औषध अधिक उपयोगी. (धूसर छाया म्हणजे दरवेळी सूजच असं नाही, बारीक फायब्रोसिसही तशीच दिसते. म्हणून सीटी अनुभवी रेडिओलॉजिस्टने वाचलेला हवा.)

प्लासिबोबद्दल तुमच्या मनात राग आहे, तो मी समजू शकतो. पण प्लासिबो नसता तर आमच्या क्षेत्रात काय झालं असतं, ते ऐका. इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस या वेगळ्या आजारात जगभरचे डॉक्टर वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन आणि अॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देत होते. तर्क सरळ होता, सूज दाबा, व्रण थांबेल. अमेरिकेत पँथर नावाच्या ट्रायलमध्ये ही औषधं एन-अॅसिटिलसिस्टीनच्या जोडीने ७७ जणांना आणि प्लासिबो ७८ जणांना देऊन तुलना झाली. २०११ मध्ये मधल्या टप्प्यावर आकडे उघडले तेव्हा औषधाच्या गटात आठ मृत्यू होते, प्लासिबोच्या गटात एक. रुग्णालयात भरती होण्याच्या घटना २३ विरुद्ध ७. तो गट तिथेच बंद केला. ज्या उपचाराला आम्ही आधार समजत होतो, तोच माणसं मारत होता, आणि प्लासिबोचा गट नसता तर प्रत्येक मृत्यू आजाराच्या नावावर लिहिला गेला असता.

यावरून मायकोफेनोलेट बंद करू नका. आईंचा आजार वेगळा आहे. स्क्लेरोडर्माच्या फुफ्फुसांवर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं उपयोगी पडतात याचा पुरावा ट्रायलमधूनच आला. २००६ मध्ये १५८ रुग्णांवरच्या अभ्यासात सायक्लोफॉस्फमाइड वर्षभर घेतलेल्यांची एफव्हीसी प्लासिबोपेक्षा सरासरी अडीच टक्क्यांनी बरी राहिली. फायदा लहान होता आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात ओसरला. २०१६ मध्ये १४२ रुग्णांत मायकोफेनोलेट दोन वर्षं विरुद्ध सायक्लोफॉस्फमाइड एक वर्ष अशी तुलना झाली. फुफ्फुसांना दोन्हींचा फायदा जवळपास सारखा, पण मायकोफेनोलेट सोसायला सोपं. आईंना आज ते मिळतं आहे ते त्या १४२ जणांमुळे.

आता आईंच्या ट्रायलच्या सगळ्यात जवळची गोष्ट सांगतो, कारण तिच्यातून अशा चाचण्या कशा वाचायच्या ते कळतं. टोसिलिझुमॅब हे नाव महाराष्ट्रात कोविडच्या लाटेत घराघरात पोहोचलं. ते इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक रेणूचं दार, म्हणजे त्याचा रिसेप्टर, अडवतं. संधिवातासाठी आपल्याकडेही ते बरीच वर्षं वापरात आहे. स्क्लेरोडर्मात त्याची आधी ८७ रुग्णांवर आणि मग २१० रुग्णांवर चाचणी झाली. दोन्ही वेळा मुख्य कसोटी फुफ्फुसाची नव्हतीच, कातडीची होती. दर आठवड्याला पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली १६२ मिलिग्रॅम औषध किंवा प्लासिबो. मोठ्या चाचणीत ४८ आठवड्यांनी कातडीचे गुण मोजले तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. नियमाने पाहिलं तर ट्रायल अपयशी.

पण त्याच रुग्णांची एफव्हीसी मोजलेली होती. औषधाच्या गटात ती सरासरी ०.४ टक्के बिंदूंनी घसरली, प्लासिबोच्या गटात ४.६ बिंदूंनी. ज्यांच्या सीटीवर फुफ्फुसाचा आजार होता त्या १३६ जणांत हे अंतर आणखी रुंद होतं, सहा बिंदूंच्या आसपास. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी स्क्लेरोडर्माच्या फुफ्फुसासाठी टोसिलिझुमॅबला मंजुरी दिली. यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला आणि तो वाद योग्यच आहे. ट्रायल सुरू होण्याआधी कसोट्यांची उतरंड ठरवलेली असते. पहिली पायरी चुकली की खालच्या पायऱ्यांवरचे निकाल पुरावा म्हणून नव्हे, सूचना म्हणून वाचायचे. नाही तर दहा गोष्टी मोजून त्यातली एक बरी दिसली की विजय जाहीर करता येईल. माझं स्वतःचं मत असं की इथली सूचना जोरदार आहे, कारण ८७ जणांच्या लहान चाचणीतही फुफ्फुसाचा कल त्याच दिशेला होता.

शिवाय ते रुग्ण कोण होते हेही बघा. आजार पाच वर्षांच्या आतला, कातडीचा आजार पसरलेला आणि रक्तात सूज दाखवणारे आकडे वाढलेले, असेच लोक निवडले होते. फुफ्फुसाचा आजार असणं ही प्रवेशाची अट नव्हती, अनेकांचा तो सुरुवातीचाच होता. आणि मायकोफेनोलेटसारखं दुसरं औषध त्यांना सोबत चालू नव्हतं. म्हणजे मायकोफेनोलेट घेत असताना घसरणाऱ्या तुमच्या आईंना तो निकाल जसाच्या तसा लागू करता येत नाही. नव्या ट्रायलची गरज आहे ती नेमकी याच ठिकाणी.

म्हणून संमतीपत्र हातात आलं की मुख्य कसोटी काय आणि कुणाला घेणार, हे दोन परिच्छेद आधी वाचा. मुख्य कसोटी एफव्हीसी असेल तर ट्रायल खरोखर फुफ्फुसासाठी आहे. आईंसारखेच, चालू औषधावर घसरणारे रुग्ण घेणार असतील तर उत्तर त्यांच्या उपयोगाचं येईल.

मग टप्पा विचारा. तिसऱ्या टप्प्यात औषध पोहोचलं असेल तर आधी काहीशे माणसांनी ते घेतलेलं असतं. पहिल्या टप्प्यात मात्र माणसाच्या शरीरात ते नुकतंच जात असतं. २००६ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ नावाचं प्रतिकारशक्तीला चेतवणारं प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने दिलं गेलं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण तेव्हापासून नव्या औषधाचा पहिला डोस आधी एकालाच देऊन वाट पाहण्याची शिस्त कडक झाली. आईंसारख्या, फुफ्फुसात फारशी राखीव ताकद न उरलेल्या रुग्णाला मी पहिल्या टप्प्यात सहसा पाठवणार नाही.

पुढचा प्रश्न सुटकेच्या वाटेचा. एफव्हीसी अमुक इतकी घसरली की प्लासिबो असो वा औषध, ठरलेला उपचार सुरू करता येईल का? टोसिलिझुमॅबच्या मोठ्या चाचणीत अशी सोय होती. आईंच्या ट्रायलमध्ये तो आकडा किती, मोजणी किती आठवड्यांनी, आणि निर्णय कोण घेणार, हे तोंडी नको, लेखी हवं. आणि ट्रायलबाहेर आज काय मिळू शकतं तेही त्याच बैठकीत विचारा, कारण ते माहीत नसताना दिलेली संमती अर्धवट. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी कमी करणारं औषध हा एक पर्याय आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात संधिवातवर्गीय आजारांमुळे फुफ्फुसं बिघडलेल्या १०१ जणांत ते सायक्लोफॉस्फमाइडपेक्षा सरस ठरलं नाही, पण दोन्ही गटांत २४ आठवड्यांनी एफव्हीसी साधारण शंभर मिलिलिटरने वाढली आणि रिटुक्सिमॅबच्या गटात त्रास कमी झाला. निन्टेडॅनिब हा दुसरा. ५७६ रुग्णांच्या चाचणीत वर्षाची घसरण प्लासिबोवर ९३ मिलिलिटर होती, निन्टेडॅनिबवर ५२, आणि त्यातले जवळपास निम्मे मायकोफेनोलेट घेतच होते. जुलाबाचा त्रास मात्र बऱ्याच जणांना होतो.

कायद्याचं कवच आपल्याकडे कागदावर चांगलं आहे, ते माहीत असायला हवं. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत आणि नुकसानभरपाई प्रायोजकाने (ट्रायल करवणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने) द्यायची. प्रचलित उपचार उपलब्ध असताना तो न देता प्लासिबो दिला आणि त्यामुळे हानी झाली, तर तीही भरपाईत येते. गंभीर घटना घडली की ट्रायल करणाऱ्या डॉक्टरने २४ तासांत कळवायचं असतं. ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असणं बंधनकारक आहे. संकेतस्थळावर औषधाचं किंवा आजाराचं नाव टाकून तुम्ही स्वतः ती घरबसल्या पाहू शकता. नोंद सापडली नाही तर तिथेच थांबा. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. मध्येच सोडायचा हक्क आईंचा आहे आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, फक्त शेवटची तपासणी चुकवू नका. ट्रायल संपल्यावर औषध लागू पडलेलं असेल तर पुढे मिळेल का, तेही आधीच विचारा. नियमात तशी सोय आहे, पण डॉक्टरांची शिफारस, एथिक्स कमिटीची (ट्रायलमधल्या रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीची) मंजुरी आणि दुसरा पर्याय नसणं अशा अटींवर. शिवाय त्या काळातल्या इजेची जबाबदारी प्रायोजकावर नाही असं लिहून द्यावं लागतं.

आता ज्याची मला खरोखर काळजी वाटते ते. आपण क्षयरोगाच्या देशात राहतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रेणू अडवणारं औषध घेणाऱ्यांमधल्या क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि जग सावध झालं. त्यानंतर अशा प्रत्येक औषधाआधी सुप्त क्षयाची तपासणी होते, पण प्रतिकारशक्ती आधीच दबलेल्या माणसात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी कुणाला टीबी झाला होता का, हे आठवून सांगा. लाज किंवा संकोच नको. आईंना लहानपणी ‘छातीचं औषध’ सहा-नऊ महिने दिलं होतं का, हेही. हिपॅटायटिस बीची तपासणी दोन्ही प्रकारची हवी, नुसतं पृष्ठभागावरचं अँटिजेन पुरत नाही, कोअर अँटिबॉडीही पाहायला हवी. न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसी शक्यतो इंजेक्शन सुरू होण्याआधी घ्या, रिटुक्सिमॅबसारख्या औषधानंतर लस नीट धरत नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाठ करावी. इंटरल्युकिन-६ अडवणाऱ्या औषधावर असताना न्यूमोनिया झाला तरी ताप फारसा चढणार नाही आणि सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढणार नाही असं होऊ शकतं, कारण ते दोन्ही वाढवण्यात त्याच रेणूचा मोठा हात असतो. जवळच्या दवाखान्यात सीआरपी बघून ‘काही नाही, व्हायरल आहे’ असं सांगून परत पाठवलं जातं, आणि रुग्ण दोन दिवसांनी ऑक्सिजनवर येतो. आईंचा खोकला बदलला, कफ पिवळा झाला, धाप नेहमीपेक्षा वाढली किंवा त्या नुसत्याच मलूल पडल्या, तर रिपोर्ट चांगला असला तरी त्याच दिवशी ट्रायलच्या डॉक्टरांना फोन करा आणि एक्स-रे मागा. प्लासिबो चालू आहे की औषध हे तुम्हाला माहीत नसणार, म्हणून औषधच चालू आहे असं धरून वागायचं. ट्रायलचं कार्ड आईंच्या पर्समध्ये आणि त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा.

धाप वाढली की कुणीतरी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून देतं. स्क्लेरोडर्मात जास्त मात्रेतल्या स्टेरॉइडने मूत्रपिंडाचा गंभीर झटका येऊ शकतो. रक्तदाब अचानक चढतो आणि काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये या आजाराच्या फुफ्फुसांसाठी पहिला उपचार म्हणून स्टेरॉइड देऊ नये अशी ठाम शिफारस केली आहे. तेव्हा प्रेडनिसोलोनचं नाव चिठ्ठीवर दिसलं तर आपल्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

मुलाने कार-टी पेशींबद्दलही विचारलं आहे, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याच्या उपचाराबद्दल. जर्मनीतल्या एर्लांगनच्या गटाने २०२४ मध्ये १५ स्वयंप्रतिकार रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले, त्यात चौघे स्क्लेरोडर्माचे होते. निकाल उमेद वाढवणारे आहेत, पण चार माणसांवरून आईंसाठी निर्णय घेता येत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मिळालेली मंजुरी रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे, या आजारासाठी नाही. कुणी पैसे घेऊन ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं देतो म्हणत असेल तर त्या दाराशीही जाऊ नका. ट्रायलचं औषध आणि त्यातल्या तपासण्या मोफत असतात. पैसे मागितले जात असतील तर संमतीपत्रातला त्याबद्दलचा परिच्छेद दाखवा म्हणावं, आणि एथिक्स कमिटीच्या क्रमांकावर सरळ फोन करावा. तो क्रमांक संमतीपत्रावर छापलेलाच असतो.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही वेळच्या फुंकण्याच्या तपासणीचे मूळ आलेख, एचआरसीटीची सीडी (नुसता कागद नको), चालू औषधांची यादी आणि घरी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजलेला रक्तदाब सोबत न्या. निर्णय आईंना स्वतः घेऊ द्या. तुम्ही बाजूला बसा, पण डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं त्यांना देऊ द्या, आणि त्यांना भीती कशाची वाटते ते त्यांच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोहोचू द्या.